ऑइलमध्ये चेहरा मळतो, मेणासारखा दिसतो: स्किन टोनच्या आधी काय

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात असं की पेन्सिलने तुम्ही दोन वर्षं पोर्ट्रेट करताय, ती ओळखू येतात, शेडिंग हातात बसलंय. मग ऑइल कलर घेतले आणि सहा कॅनव्हास झाले तरी चेहरा एकतर मातकट होतो नाहीतर मेणाच्या पुतळ्यासारखा गुळगुळीत, आणि माणूस काही त्यात येत नाही. शेवटी विचारलंय की स्किन टोनचं नेमकं मिश्रण काय, कुठला रंग किती घ्यायचा, आणि खरंखुरं दिसणारं पोर्ट्रेट जमायला किती दिवस लागतात.

मिश्रण सांगते, खाली येईलच. पण तुमच्या प्रश्नात मधेच एक वाक्य आलंय ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, "रंग लावून झाले की मऊ ब्रशने सगळं ब्लेंड करून घेते". मी बावीस वर्षं पोर्ट्रेट करते, त्यातली बरीच वर्षं शिकवतेही, आणि पेन्सिलवरून ऑइलकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येकाकडे मी हीच सवय बघितलीये. माझ्या मते तुमचा चेहरा तिथेच मळतो. मिश्रण चुकीचं आहे म्हणून मळत नाही.

असं बघा. पेन्सिलमध्ये तुम्हाला एकाच गोष्टीचा निर्णय घ्यायचा असतो, किती गडद. आणि तोही हळूहळू घेता येतो, थोडं दाबलं, बघितलं, अजून थोडं दाबलं, बोटाने पुसलं. ऑइलमध्ये एकाच फटकाऱ्यात तीन निर्णय असतात, किती गडद, किती उबदार (लाल-पिवळ्याकडे झुकणारा) की थंड (निळ्याकडे झुकणारा), आणि रंग किती चढा की उतरलेला. शिवाय तो फटकारा ज्या जागी बसतो तिथला आधीचा रंग अजून ओला असतो. हे तिन्ही निर्णय न घेता आपण अंदाजाने काहीतरी लावतो, ते बरोबर दिसत नाही, मग त्यावर दुसरं, मग तिसरं, आणि मग सगळं मऊ ब्रशने एकजीव. सावलीतला रंग उजेडात शिरतो, उजेडातला पांढरा सावलीत शिरतो आणि दोन्हीकडे तोच एक मधला, ना गडद ना फिकट असा करडा-तपकिरी रंग होऊन बसतो. त्यालाच आपण मळलं म्हणतो. तोच करडा-तपकिरी रंग योग्य जागी, म्हणजे गालाचा उजेड सावलीकडे वळतो तिथे लावला तर ती सुंदर त्वचा दिसते. त्या रंगाची जागा चुकलेली असते एवढंच.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते, रंग पॅलेटवर ठरवायचा आणि कॅनव्हासवर फक्त ठेवायचा. ठेवला की ब्रश उचलायचा. बाकी जे काही खाली सांगतेय ते सगळं याच्याच आजूबाजूचं आहे.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या आधी सांगून टाकते. तुम्ही समोर माणूस बसवून करताय की फोटोवरून हे लिहिलेलं नाही, मी फोटोवरून असं धरून चालते कारण बहुतेकांचं तसंच असतं. दुसरं म्हणजे पेन्सिल पोर्ट्रेट नजरेने मोजून काढता की ग्रिड टाकून किंवा ट्रेस करून. यात कमीपणाचं काही नाही, पण उत्तर त्यावर बदलतं. ग्रिडवर रेषा बरोबर येते, आणि ऑइलमध्ये पहिल्या दहा मिनिटांत ती रेषा रंगाखाली जाते. मग प्रत्येक फटकारा म्हणजे पुन्हा नव्याने ड्रॉइंगच असतं, आणि नजरेने मोजायची सवय नसेल तर नाक हळूहळू सरकतं, डोळा वर चढतो, आणि कधी सरकला ते आपल्यालाच कळत नाही. तुमचं साम्य पेन्सिलमध्ये येतं आणि ऑइलमध्ये जातं याचं कारण हे असू शकतं. तसं असेल तर रोज अर्धा तास नुसत्या नजरेने, न खोडता, डोक्याचे छोटे स्केच करा. रंग त्याबरोबर चालू ठेवा, थांबू नका.

सुरुवातीला माझ्याही बाबतीत एक झालं होतं ते सांगते. एका घरातून आजोबांचं पोर्ट्रेट करून द्यायचं काम आलं होतं, ते गेल्यानंतरचं, एका जुन्या फोटोवरून. मी डोळ्यांपासून सुरुवात केली आणि तीन आठवडे डोळ्यांवरच होते, पापण्या, बुबुळातला उजेडाचा ठिपका, खालच्या पापणीची ओलसर कड, सगळं. घरचे बघायला आले तेव्हा त्यांची मुलगी बराच वेळ समोर उभी राहिली आणि म्हणाली, डोळे बाबांचेच आहेत पण हे बाबा नाहीत. नंतर मी चित्र आणि फोटो शेजारी उलटे ठेवून मोजलं तर नाकाच्या खालपासून हनुवटीपर्यंतचा भाग बोटभर जास्त लांब होता. म्हणजे तीन आठवडे मी चुकीच्या डोक्यावर बरोबर डोळे रंगवत होते. सगळं खरवडलं आणि पुन्हा केलं, दुसऱ्यांदा चार दिवसांत झालं कारण या वेळी डोळे सगळ्यात शेवटी आले.

साम्य कुठे असतं याचा विचार त्या दिवसापासून माझ्या डोक्यात बसलाय. ओळखीचा माणूस आपण लांबून, त्याचे डोळे-नाक दिसायच्या आधीच ओळखतो, कधी कधी पाठमोरासुद्धा ओळखतो. म्हणजे ओळख मोठ्या आकारात असते, डोकं मानेवर कसं बसलंय, कपाळ आणि जबडा यांचं प्रमाण काय, डोळ्यांच्या खोबणीतली सावली केवढी आहे, केसांचा एकूण आकार कसा आहे. हे बरोबर आलं तर डोळ्याच्या जागी नुसता गडद डाग असला तरी माणूस दिसतो. आणि हे चुकलं तर कितीही पापण्या काढा. त्यामुळे पहिला अर्धा तास मी एकही अवयव काढत नाही. डोक्याची उंची, रुंदी, कल, आणि सावलीचे आकार, बस. प्रमाणांचे ठोकताळे तुम्हाला माहीत असतीलच, डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर, दोन डोळ्यांत एका डोळ्याएवढं अंतर वगैरे. ते पाठ असू द्या, पण ते सरासरी चेहऱ्याचे आहेत आणि समोरच्याचा चेहरा त्या सरासरीपासून जिथे हटतो तिथेच तो माणूस असतो, म्हणून ठोकताळा घ्यायचा आणि मग विचारायचं की याचं काय वेगळं आहे.

आता मुख्य भाग. पहिले सहा ते आठ आठवडे स्किन टोन विसरा. फक्त दोन ट्यूब, बर्न्ट अंबर म्हणजे गडद तपकिरी, आणि टायटॅनियम व्हाइट. अंबर लवकर वाळतो, स्वस्तही पडतो, आणि मुख्य म्हणजे तीनपैकी दोन निर्णय बाजूला ठेवून तुम्हाला फक्त गडद-फिकटाचाच विचार करता येतो, जो तुम्हाला पेन्सिलमुळे आधीच येतो. पॅलेट नाईफने पाच ढीग करा. ब्रशने नको, नाईफनेच, कारण ब्रशने रंग नीट मिसळत नाही आणि आतमध्ये राहिलेला रंग पुढच्या फटकाऱ्यात बाहेर येतो. पाचातले दोन ढीग सावलीसाठी, तीन उजेडासाठी. दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगात फरक इतका ठेवा की डोळे बारीक केले तरी दोन वेगळे दिसले पाहिजेत. ब्रशही वेगळे, सावलीचा ब्रश सावलीतच आणि उजेडाचा उजेडातच. हे ऐकायला किरकोळ वाटतं पण निम्मा मळकटपणा एवढ्यानेच जातो.

मग फोटोकडे किंवा माणसाकडे डोळे बारीक करून बघायचं. पापण्या जवळजवळ मिटल्या की बारकावे जातात आणि चेहरा दोन तुकड्यांत पडतो, उजेड आणि सावली. त्यांच्यामधली हद्द आधी कॅनव्हासवर काढा, एखाद्या नकाशावरची सीमा काढल्यासारखी, आणि सावलीचा सगळा भाग एकाच ढिगाने भरून टाका. डोळ्याची खोबण, नाकाखालची सावली, वरचा ओठ, हनुवटीखालचा भाग, मान, हे बरेचदा सलग जोडलेलं असतं, तुकडे तुकडे करू नका. इथे एक नियम लक्षात ठेवा आणि त्वचेपुरता तो मी जवळजवळ कधीच मोडत नाही, उजेडातला सगळ्यात गडद भागसुद्धा सावलीतल्या सगळ्यात फिकट भागापेक्षा फिकट असतो. नवीन लोक हमखास चुकतात ते जबड्याखालच्या परावर्तित उजेडात. कॉलरवरून किंवा खांद्यावरून उजेड उसळून सावलीत येतो, सावलीच्या अंधारात तो फार उजळ वाटतो, आणि आपण तो गालाएवढा फिकट करून ठेवतो. झालं, जबड्याची गोलाई गेली आणि चेहरा पत्र्यासारखा झाला. डोळे बारीक करून पुन्हा बघा, तो उजेड सावलीत विरघळून जातो. जातो म्हणजे तो सावलीचाच आहे.

हे करताना ब्लेंडिंग नाही. अजिबात नाही. पाच ढीग शेजारी शेजारी, फरशा बसवल्यासारखे. चेहरा दगडातून कोरल्यासारखा कोनाकोनांचा दिसेल, दिसू द्या. कपाळाला समोरची एक बाजू असते आणि दोन्हीकडे कानाकडे वळणाऱ्या बाजू असतात, नाकाला वरची पट्टी, दोन बाजू आणि खालचा तळ असतो. हे पृष्ठभाग दिसायला लागणं हेच या आठ आठवड्यांचं काम आहे. तुमचे मेणाचे पुतळे याच्याच अभावाने होतायत, कारण मऊ ब्रशने आधी पुसले जातात ते हे कोन, आणि कोन गेले की हाडं गेली.

आता ते मिश्रण, जे तुम्ही विचारलं होतं.

माझं म्हणणं सुरुवात चार रंगांनी करा, यलो ऑकर म्हणजे मातकट पिवळा, कॅडमियम रेड लाइट, आयव्हरी ब्लॅक आणि टायटॅनियम व्हाइट. याला झॉर्न पॅलेट म्हणतात, अँडर्स झॉर्न या स्वीडिश चित्रकारावरून. त्याच्या १८९६च्या आत्मचित्रात त्याच्या हातातल्या पॅलेटवर असेच चार रंग दिसतात, लाल म्हणून तो व्हर्मिलियन वापरायचा. सगळ्या चित्रांत त्याने एवढेच वापरले असं नाही, पण त्वचेसाठी एवढ्यांत किती काय होतं ते त्याची पोर्ट्रेट बघितली की कळतं. यात निळा नाही म्हणून घाबरू नका, आयव्हरी ब्लॅकमध्ये पांढरा घातला की तो थंड, निळसर करडा दिसतो आणि उबदार त्वचेच्या शेजारी ठेवला तर चक्क निळा वाटतो.

ऑकर आणि लाल मिळून जो नारिंगी होतो तो त्वचेचा पाया. गोऱ्या त्वचेला त्यात पांढरा जास्त, सावळ्या किंवा काळ्या त्वचेला काळा आणि लाल जास्त, पांढरा अगदी थोडा. किती ते ग्रॅममध्ये सांगता येत नाही, कारण एकाच माणसाच्या कपाळाचा रंग आणि हनुवटीचा रंग वेगळा असतो, आणि तोच माणूस खिडकीपासून दोन पावलं आत गेला की सगळंच बदलतं. 'फ्लेश टिंट' नावाची ट्यूब मिळते ती घेऊ नका. ती कुठल्याच खऱ्या माणसाची नसते, गुलाबी प्लॅस्टिकसारखी असते, आणि तुमच्या-माझ्यासारख्या त्वचेसाठी तर तिचा काहीच उपयोग नाही.

सावळ्या त्वचेबद्दल थोडं जास्त सांगते कारण बहुतेक शिकवण्या गोऱ्या त्वचेच्याच असतात. चूक सहसा अशी होते की उजेडाचा भाग आणायला सरळ पांढरा घालतात आणि त्वचा राखेसारखी, चुना फासल्यासारखी होते. पांढरा रंगाला फिकट करतोच पण थंडही करतो आणि त्याचा जोरही काढून घेतो, हे तिन्ही एकदम होतं. म्हणून सावळ्या त्वचेचा उजेड वर न्यायचा तर आधी ऑकर आणि लाल वाढवा, मग चिमूटभर पांढरा. मी चार रंगांच्या जोडीला इथे बर्न्ट सिएना म्हणजे लालसर तपकिरी, आणि अल्ट्रामरीन ब्लू घेते, या दोघांचा गडद फार खोल होतो, सिएना जास्त असला तर उबदार, निळा जास्त असला तर थंड. आणि दुसरं म्हणजे चमक. गडद त्वचेवर कपाळावरची, नाकावरची चमक शेजारच्या त्वचेपेक्षा बरीच उठून दिसते आणि ती खिडकीच्या उजेडात थंड, निळसरकडे झुकणारी असते, तपकिरीत पांढरा घालून ती येत नाही, तिथे करडा लागतो. वेलाझकेझ या स्पॅनिश चित्रकाराचं १६५०चं हुआन दे पारेहाचं पोर्ट्रेट बघा, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, मोठा फोटो शोधून झूम करून बघा. तपकिरी त्वचा किती कमी रंगांत, किती करड्यांत आणि किती जिवंत केलीये ते त्यात दिसतं. मी अजूनही दर काही महिन्यांनी ते उघडून बसते.

चेहऱ्याच्या आतले फरक असे, कपाळ साधारण पिवळसरकडे, मधला पट्टा म्हणजे गाल, नाकाचा शेंडा, कान हे लालसर कारण तिथे रक्त त्वचेच्या जवळ असतं, आणि खालचा पट्टा, विशेषतः दाढी करणाऱ्या पुरुषांचा, थोडा करडा-निळसर. हे फरक बारीक असतात, तिन्ही जागी गडदपणा तोच राहू शकतो आणि फक्त रंग इकडून तिकडे झुकतो. गडद-फिकट बरोबर असेल तर रंग थोडा चुकला तरी चेहरा तरतो. उलटं होत नाही. म्हणूनच आठ आठवडे अंबर सांगितला.

ढीग इथेही आधीच करायचे, उजेडाचे तीन, मधला वळणाचा एक, सावलीचे दोन. आणि रंग बरोबर आहे की नाही हे कॅनव्हासवर लावून बघू नका. नाईफच्या टोकावर थोडा रंग घ्या आणि एक डोळा मिटून तो नाईफ फोटोच्या किंवा माणसाच्या त्या जागेसमोर धरा. गडद आहे? लाल कमी आहे? पॅलेटवर परत या, दुरुस्त करा, पुन्हा धरा. सुरुवातीला एकेका ढिगाला पाच-दहा मिनिटं लागतील आणि तुम्हाला वाटेल की रंगवायला कधी घेणार. पण तीन तासांच्या बैठकीत माझा पाऊण तास आजही पॅलेटवरच जातो आणि तो वाया गेला असं एकदाही वाटलेलं नाही.

आता ब्लेंडिंगचं काय, करायचंच नाही का? करायचं, पण शेवटी, आणि सगळीकडे नाही. कडा चार-पाच प्रकारच्या असतात आणि खरेपणा बराचसा त्या फरकातून येतो. नाकाची ओठावर पडलेली सावली, तिची कड नाकाजवळ धारदार असते आणि लांब जाईल तशी मऊ होते. गाल सावलीकडे वळतो ती कड मऊ. कपाळाचं हाड वळतं ती त्याहून जरा कडक. केस कपाळाला भेटतात तिथे बहुतेक जागी मऊ, एक-दोन जागीच धारदार. आणि काही कडा तर नसतातच. वर्मीर या डच चित्रकाराची मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी, साधारण १६६५ची, हेगच्या मॉरित्सहाउसमधली, तिच्या नाकाकडे बघा. नाकाची पट्टी आणि पलीकडचा गाल यांच्यात रेषाच नाही, दोन्ही एकाच रंगात मिसळलेत, आणि तरी आपल्याला नाक अख्खं दिसतं. तुम्ही मऊ ब्रशने सगळ्या कडा सारख्याच मऊ करताय, म्हणून मेण. सगळ्या धारदार ठेवल्या असत्या तर कात्रण चिकटवल्यासारखं झालं असतं. म्हणून कड मऊ करायची असेल तर दोन रंगांच्या मधे तिसरा, मधला रंग मिसळून फटकारा ठेवा, किंवा कोरड्या स्वच्छ ब्रशने एकदाच ओढा, एकदा ओढला की ब्रश पुसा.

अवयवांबद्दल भरभर सांगते. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो, तो वरच्या पापणीच्या सावलीत बसलेला एक गोळा असतो, त्याला त्वचेच्या मधल्या ढिगाइतकाच करडा लावून बघा, बहुतेक वेळा तेवढाच पुरतो. दातांचंही तेच, आणि दातांमधल्या रेषा काढू नका. नाकपुड्या काळ्या नसतात, उबदार गडद लालसर असतात, काळ्या केल्या की भोकं पडल्यासारखी दिसतात. उजेड वरून असेल तर वरचा ओठ सावलीत आणि खालचा उजेडात, ओठांना बाहेरून रेष नको. सुरुवातीला दात दाखवून हसणारा फोटो घेऊच नका.

फोटोवरून आठवलं. जवळून काढलेल्या फोनच्या फोटोत नाक मोठं होतं आणि कान मागे जातात, कारण लेन्सपासून नाकाचं आणि कानाचं अंतर प्रमाणात फार वेगळं पडतं. तुम्ही तो कितीही अचूक उतरवलात तरी ओळखणारे म्हणणार काहीतरी वेगळं वाटतंय. दोन-अडीच मीटर लांब उभं राहून झूम करून काढा. उजेड एकच हवा, एका बाजूची खिडकी, चेहऱ्याच्या थोडी वर आणि बाजूला, घरातले बाकीचे दिवे बंद. समोरून फ्लॅश मारला की सावलीच राहत नाही आणि सावली नसली की रंगवायला आकारच उरत नाही. फोटोत सावल्या खऱ्यापेक्षा काळ्या येतात हेही लक्षात ठेवा, म्हणून महिन्यातून दोनदा तरी कोणाला तरी समोर बसवा, कोणीच नसेल तर आरसा आहे. रेम्ब्रांटने आयुष्यभरात स्वतःची चाळीसच्या आसपास पेंटिंग केली, बसायला कायम तयार असलेला माणूस आपणच असतो.

सामानाचं फार नाही. हॉग ब्रिसलचे म्हणजे डुकराच्या राठ केसांचे, फिल्बर्ट म्हणजे गोलसर टोकाचे चपटे ब्रश, ४, ६, ८ आणि १० नंबर, प्रत्येकी दोन, आणि मऊ ब्रश सध्या कपाटात ठेवून द्या. १२ बाय १६ इंचाचा कॅनव्हास किंवा गेसो (रंगाआधी देतात ते पांढरं अस्तर) लावलेला बोर्ड पुरे, डोकं खऱ्यापेक्षा थोडं लहान काढा, सात-आठ इंच. पांढऱ्या कॅनव्हासवर सुरू करू नका, पांढऱ्यावर प्रत्येक रंग गडद वाटतो आणि तुम्ही सगळं फिकट मिसळत जाता. पातळ अंबर फासून पुसून घ्या आणि वाळू द्या, मधला टोन मिळतो. काचेचं पॅलेट असेल तर त्याखाली त्याच टोनचा कागद सरकवा, म्हणजे पॅलेटवर जो रंग दिसतो तोच कॅनव्हासवर दिसेल.

थर देणार असाल तर खालचा थर कमी तेलाचा, वरचे जास्त तेलाचे. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्यामुळे तेलकट थर हळू वाळतो आणि त्यावर बिनतेलाचा लवकर वाळणारा थर दिला तर पुढे तडे जातात. वाळल्यावर गडद भाग मंद, भुरकट दिसला तर घाबरू नका, रंगातलं तेल खालच्या थराने ओढून घेतलेलं असतं, अगदी पातळ तेलाचा हात फिरवून पुसून घेतला की खरा गडद परत दिसतो. वॉर्निश सहा महिने ते वर्षभराने. आणि हे मात्र नीट वाचा, तेल लागलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी, आणि शक्यतो ब्रश धुवायला तेल आणि साबण वापरा, टर्पेंटाइन कमीत कमी.

किती वेळ लागेल. आठवड्याला तीन तासांच्या दोन बैठका धरल्या तर माझ्याकडच्या बहुतेकांचा मळकटपणा तीन-चार महिन्यांत जातो, कारण ती सवय आहे आणि सवय बदलता येते. साम्य खात्रीने यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, पेन्सिलचा पाया पक्का असेल तर कमी. पण त्यात एक गोष्ट फार महत्त्वाची, एकाच कॅनव्हासवर दोन महिने बसू नका. तीन तासांत एक डोकं, सुरुवात मोठ्या आकारांपासून, वेळ संपली की थांबायचं, फोटो काढायचा आणि नाईफने खरवडून टाकायचं. त्याच बोर्डावर पुढच्या वेळी पुन्हा. वीस अपुरी डोकी जे शिकवतात ते एक घोटून घोटून पूर्ण केलेलं शिकवत नाही, कारण अवघड निर्णय सगळे पहिल्या तासात असतात आणि तो पहिला तास तुम्हाला वीसदा मिळतो. जॉन सिंगर सार्जंटसारखा नावाजलेला पोर्ट्रेट चित्रकारसुद्धा जमलेलं नाही असं वाटलं की अख्खं डोकं खरवडून नव्याने रंगवायचा, वरवर डागडुजी करत बसायचा नाही. पहिल्यांदा खरवडताना जीव तुटतो, माझाही तुटला होता, तिसऱ्या-चौथ्यांदा हात मोकळा होतो.

तर क्रम असा धरा, आधी अंबर आणि पांढऱ्यात आठेक आठवडे, ढीग आणि सावलीची हद्द, मग चार रंग, मग सावळ्या त्वचेसाठी सिएना आणि अल्ट्रामरीन, आणि ब्लेंडिंग सगळ्यात शेवटी, मोजून दोन-तीन कडांना. मधेच अडलात तर पुन्हा अंबरवर या, मीही नवीन माणूस रंगवताना पहिला छोटा अभ्यास अंबरमध्येच करते.

सध्या इझलवर जो सहावा कॅनव्हास आहे तो ओला असेल तर आजच खरवडा, उरलेल्या डागावर पुसट चेहरा राहील, त्याच्यावरच पाच ढिगांचं पहिलं डोकं करा, वेगळा कॅनव्हास घेऊ नका. वाळला असेल तर भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि सहा महिन्यांनी बघा. आणि पुढच्या वेळी विचाराल तेव्हा चित्राच्या फोटोबरोबर तुमच्या पॅलेटचाही फोटो टाका, पुसायच्या आधीचा. चेहरा कुठे अडलाय ते मला बहुतेक वेळा तिथेच आधी दिसतं.